माजी अध्यक्षांचं लॉगिन

वेंकटरमणमामांना मी रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी काढलं. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण संकेतस्थळाच्या नोंदीत ती आहे. ती नोंद मी इतक्या वेळा उघडून पाहिली आहे की आता डोळे मिटले तरी दिसते.

काढलं म्हणजे मंडळातून नव्हे, फक्त अधिकाऱ्यांच्या यादीतून. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मला तेव्हा वाटत होतं.

आमचं सोबत मंडळ चेन्नईत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या मराठी माणसांची रोज विचारपूस करतं. मंडळात अर्धे आम्ही, नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेले. अर्धे तंजावरकडचे, ज्यांची मराठी आम्हाला निम्मी कळते आणि आमची त्यांना घाईची वाटते. यादीत चौतीस वृद्ध आहेत. प्रत्येकाला मंडळानं एक टॅब्लेट दिलाय. त्यावर गोंधळ नको म्हणून एकच पान उघडतं आणि त्या पानावर दोनच बटणं आहेत. हिरव्यावर लिहिलंय ‘बरं आहे’. ते रोज सकाळी नऊच्या आत दाबायचं. नाही दाबलं तर ती ओळ स्वयंसेवकाच्या पडद्यावर लाल होते आणि तो फोन करतो. दुसरं बटण लाल. त्यावर एकच अक्षर: ‘या’. ते दाबलं की सगळ्या स्वयंसेवकांचे फोन एकदम वाजतात.

मी पेरुंगुडीतल्या एका कंपनीत कामाला आहे. कुणाला कोणतं दार उघडायचं आणि कुणाचं बंद करायचं, हे पाहणारा आमचा विभाग. माणूस नोकरी सोडून गेला की संध्याकाळच्या आत त्याची सगळी लॉगिनं बंद व्हायला हवीत. त्यात मी पक्की आहे. त्यामुळे यंदा मंडळानं मला संकेतस्थळ सचिव केलं, तेव्हा मी पहिल्यांदा अधिकाऱ्यांची यादी उघडली आणि माझं डोकंच फिरलं.

खरे अधिकारी तीन: अध्यक्ष अर्चनाताई, उपाध्यक्ष श्रीवत्स आणि मी. यादीत नावं बावीस. उरलेले एकोणीस सगळे ‘माजी’. आमच्याकडे मुदत संपली की माणूस जात नाही. नावामागे ‘माजी’ लागतं आणि सगळ्या किल्ल्या त्याच्याच खिशात राहतात. त्यातले एक सहा वर्षांपासून कॅनडात होते. ‘काढलं तर त्यांना काय वाटेल’ एवढंच आमचं धोरण. आणि या बावीसांपैकी कुणालाही चौतीस एकट्या म्हाताऱ्यांचे पत्ते, आजार, कुणाच्या दाराची किल्ली कोणत्या कुंडीखाली असते, सगळं दिसत होतं. माझा राग चुकीचा नव्हता. हे मी अजूनही म्हणते.

माझ्याआधी दिनानाथकाका आठ वर्षं सचिव होते. निवृत्त होऊन आता कोवलमला राहायला गेलेत. त्यांनी फोनवरूनच कारभार सोपवला. शेवटी म्हणाले, “ऋजुता, नवीन काय करायचं ते कर, पण जुन्या नावांना हात लावू नकोस. त्यात थोडं इकडचं तिकडं केलेलं आहे.”

“काका, इकडच्या तिकडच्यालाच आमच्या ऑफिसात चूक म्हणतात,” मी म्हटलं.

ते हसले. “तू बघ बाई,” म्हणाले. इकडचं तिकडं म्हणजे नेमकं काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पुढचं सगळं या एका न विचारलेल्या प्रश्नामुळे झालं.

रविवारी दुपारी चहाचा कप शेजारी घेऊन मी एकोणीस जणांना काढलं. ‘सचिव’ नावाचं एक सामायिक लॉगिन होतं. त्याचा पासवर्ड मंडळाच्या कॅलेंडरमागे पेन्सिलीनं लिहिलेला असायचा. तेही बंद केलं. काढलेल्या कुणालाही परत घ्यायचं असेल तर दोन अधिकाऱ्यांची संमती लागेल असा नियम घातला. शेवटी, बंद दारावर येऊन थडकणाऱ्यांसाठी जी पाटी दिसते ती आजवर इंग्रजीत होती, ती मराठीत केली. ‘आपल्याला हे पान पाहण्याचा अधिकार नाही. – ऋजुता, संकेतस्थळ सचिव.’ वाक्य मला आवडलं. फोटो काढून अर्चनाताईंना पाठवलासुद्धा.

बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत, साफसफाईचा परिणाम काय झाला ते पाहायला मी नोंद उघडली. नाकारलेले प्रयत्न एकोणचाळीस. त्यातले दोन कॅनडातले. बाकीचे सदतीस एकाच माणसाचे: वेंकटरमण, माजी अध्यक्ष.

मला हसू आलं. मामा तंजावरकडचे, ऐंशीच्या पुढचे, कडक इस्त्रीचा शर्ट घालणारे. अध्यक्षपद सोडून नऊ वर्षं झाली तरी सभेत पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्यांची. मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, ‘काही माजी अध्यक्षांना अजून खुर्ची सोडवत नाही असं दिसतंय. सदतीस वेळा दार ठोठावलं.’ पाठवलंही. दोघातिघांनी हसरे चेहरे टाकले.

मग, एवढं कोणतं पान त्यांना हवंय म्हणून मी त्या ओळीवर टिचकी मारली.

सभासदांची यादी नव्हती. इतिवृत्तं नव्हती. पान होतं ‘या’. यंत्र: मंडळाचा टॅब्लेट, क्रमांक एकवीस. सदतीसच्या सदतीस वेळा.

पहिला प्रयत्न मंगळवारी पहाटे पाच बावन्नला. मग दर चार-पाच मिनिटांनी, साडेसातपर्यंत. मग तासातासानं. मग बुधवारी सकाळी सात वाजता एक, आणि नऊ चौदाला शेवटचा. त्यानंतर काही नाही. माझ्या घड्याळात बारा पन्नास झाले होते. समोर डब्यातली पोळी तशीच सोडून मी फोन उचलला.

मामांचा मोबाइल बंद लागला. तीनदा लावला. मग दिनानाथकाकांना लावला.

“काका, वेंकटरमणमामांकडे टॅब्लेट आहे?”

“आहे की.”

“पण ते सोबतीच्या चौतीस नावांत नाहीत. मी पाहिलंय.”

“त्या नावांत नव्हतेच ते,” काका हळू म्हणाले. “मामी गेल्या, तेव्हा मी त्यांना म्हटलं, मामा, तुमचं नाव घालतो. ते म्हणाले, मी यादी चालवली, यादीत पडायचा नाही. मग मी काय केलं, त्यांच्या अधिकाऱ्याच्या लॉगिनलाच टॅब्लेट जोडला. त्यांना वाटायचं, अधिकारी म्हणून ते बटणं तपासतायत. तिकडे स्वयंसेवक पुष्करच्या पडद्यावर त्यांची ओळ दिसायची. त्यांचा मान राहिला, आपली काळजी मिटली.” मग त्यांनी विचारलं, “ऋजुता, तू त्यांना काढलंस का?”

“हो.”

“अगं, मग त्यांची ओळही गेली.”

त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. पण वेळ नव्हता, आणि ओरडण्याचा हक्क मला कितपत होता, तेही कळत होतं. मी पत्ता विचारला.

“नुंगंबाक्कम. मोठ्या रस्त्यावरून आत, शाळेच्या मागची गल्ली. दुसरा मजला. दारावर आंब्याची पानं कोरलेली आहेत. नंबर नाही गं आठवत. साइटवर आहे की.”

साइटवर होता, पण काढलेल्या माणसांच्या बंद कप्प्यात. मी ‘परत घ्या’ दाबलं. पडद्यावर आलं, ‘दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती हवी.’ श्रीवत्स पुण्याच्या विमानात होता. अर्चनाताई शिक्षिका, परीक्षा चालू होती आणि पर्यवेक्षकांचे फोन शाळेच्या कचेरीत जमा करून घेतात. मी कचेरीत फोन केला. तिथला माणूस म्हणाला, दीडला पेपर सुटेल, त्याआधी कुणालाही वर्गाबाहेर बोलावता येत नाही. मी म्हटलं, माणूस मरतोय. तो म्हणाला, मॅडमच्या घरचे का? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग दीड वाजता करा. ग्रुपवर विचारलं, तर पाहणाऱ्यांपैकी कुणालाच पत्ता ठाऊक नव्हता. पुष्करला अकरा वेळा लावला. तो मोटारींच्या कारखान्यात आहे. आत कामावर फोन नेऊ देत नाहीत. सामायिक लॉगिन असतं तर कॅलेंडर उलटून त्यावरून दुसरी संमती देता आली असती, दोन मिनिटांत पत्ता मिळाला असता. तेही मीच बंद केलं होतं. एकूण एक फट मी स्वतःच्या हातानं बुजवली होती, आणि काम चोख झालं होतं.

रुग्णवाहिकेसाठी एकशे आठला फोन केला. मुलगी नम्र होती. “डोर नंबर सोल्लुंग मॅडम,” ती म्हणत राहिली. घर क्रमांक सांगा. मी मोडक्या तमिळमध्ये शाळा, गल्ली, आंब्याची पानं सांगत राहिले. तिथे चार शाळा आहेत म्हणाली. कोणती, ते मला माहीत नव्हतं, आणि काकांचा फोन आता लागत नव्हता.

कॅब मिळाली. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर मेट्रोच्या पत्र्यांमुळे गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. मी मांडीवर लॅपटॉप उघडा ठेवून ‘परत घ्या’ दाबत होते. येणार तेच येत होतं, तरी दाबत होते. नवव्या-दहाव्या वेळी मला कळलं की गेले दीड दिवस मामा हेच करत असणार. त्यांच्याही समोर हेच, एक नकार, आणि त्याखाली माझं नाव. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं, न विचारता एसी वाढवला आणि डावीकडच्या गल्लीत गाडी घातली. मी रडत होते. मी सहसा रडत नाही, चिडते.

एक पस्तीसला पुष्करचा फोन आला. “काय झालं? अकरा मिस्ड कॉल?”

“वेंकटरमणमामांचा पत्ता सांग. आधी पत्ता.”

त्यानं घर क्रमांक, गल्ली, इमारत, सगळं न अडखळता सांगितलं. महिन्यातून एकदा जातो तो त्यांच्याकडे. मी एकशे आठला कळवलं. मग परत त्याला विचारलं, “त्यांची ओळ दिसत नव्हती, तुला काहीच वाटलं नाही?”

“रविवारीच दिसेनाशी झाली. तू सगळी नवी मांडणी करणार म्हणाली होतीस ना? मला वाटलं, त्यांना दुसऱ्या कुणाकडे दिलंस.” मग त्याला उमगलं. “ऋजुता, कुणाकडेच नव्हते का ते?”

तो म्हणाला, खालच्या मजल्यावरच्या कामाक्षीअम्मांकडे किल्ली असते, मी त्यांना लावतो.

मी पोचले तेव्हा रुग्णवाहिका फाटकात उभी होती आणि स्ट्रेचर जिन्यावरून खाली येत होतं. कामाक्षीअम्मा मागून चालत होत्या, पदर तोंडाशी धरून. मामा या आठवड्यात गावी जाणार म्हणाले होते, म्हणून दारातली वर्तमानपत्रं पाहूनही त्यांना काही वाटलं नव्हतं. दार उघडलं तर मामा खाट आणि कपाट यांच्या मधल्या जागेत आडवे. मंगळवारी पहाटे उठताना पडले, खुबा मोडला. मोबाइल हॉलमध्ये पडून बंद झालेला. उशाशी टॅब्लेट होता, तो वायरीसकट ओढून घेतलेला. खाटेखाली पाण्याची बाटली होती, ती रिकामी.

मामा जिवंत होते. ओठ फाटलेले, डोळे उघडे, पण कुणाकडे पाहत नव्हते. टॅब्लेट त्यांनी छातीशी धरला होता. रुग्णवाहिकेतल्या माणसानं तो काढायचा प्रयत्न केला, तर सोडेनात. मी वाकले. पडदा चालू होता. ‘आपल्याला हे पान पाहण्याचा अधिकार नाही. – ऋजुता, संकेतस्थळ सचिव.’

पुढचे तीन दिवस डॉक्टर नुसतं ‘बघू’ म्हणत होते. इतका वेळ पाण्याविना पडून राहिल्यामुळे मूत्रपिंडं काम करत नव्हती. ती सावरल्याशिवाय खुब्याला हात लावता येत नव्हता. मी रजा काढून बाहेरच्या बाकावर बसले. दिनानाथकाका रोज कोवलमहून बस पकडून यायचे आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायचे. आम्ही एकमेकांकडे पाहत नव्हतो. एकदा ते म्हणाले, “मी एका कागदावर लिहून ठेवायला हवं होतं.” मी म्हटलं, “मी विचारायला हवं होतं.”

ग्रुपवर माझा तो विनोद अजून तसाच होता, हसऱ्या चेहऱ्यांसकट. मी तो पुसला नाही. त्याच्याखाली झालेलं सगळं लिहिलं, वेळांसकट. अर्चनाताई म्हणाल्या, ‘तू एकटी जबाबदार नाहीस.’ त्या मनापासून म्हणाल्या, पण मला त्या शब्दांचा राग आला. मामा गेले असते तर असे शब्द किती जणांनी वाटले असते.

चौथ्या दिवशी मूत्रपिंडं चालू झाली. पाचव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. सहाव्या दिवशी सकाळी मला आत सोडलं. मामांनी मला ओळखलं आणि हातानं खुर्ची दाखवली.

“पोरी, माझी चूक झाली,” ते म्हणाले.

“तुमची कसली चूक मामा?”

“सोमवारीं गांवीं जायच्या गडबडींत बटण दाबलोंच नाहीं. मंगळवारीं पासवर्ड चुकला म्हणून मला पहिलं वाटलं. पुनः पुनः घातलों. मग चष्मा नव्हता, जवळ धरून वाचलों. अधिकार नाहीं म्हणून लिहून होतं. खाली तुझं नांव.” त्यांनी श्वास घेतला. “खरंच की तें. नऊ वर्षं झालीं खुर्ची सोडून. अस्की जण, सगळेच, मामा, मामा म्हणत, कोणी सांगितलं नाहीं. तूं सांगितलीस. बरोबर केलीस.”

मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली.

“एक मात्र कळलं नाहीं,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. सभेत शंका विचारावी तसं विचारलं. “या म्हणून बोलवायला सुद्धां अधिकार लागतो कां?”

“नाही मामा,” मी म्हटलं. “लागत नाही. मी चुकले. तुमचं नाव कुठे जोडलंय ते न पाहता मी काढून टाकलं. ते वाक्य तुमच्यासाठी नव्हतं.” मग मी त्यांना सगळं सांगितलं. ग्रुपवरचा विनोदही सांगितला. दिनानाथकाकांनी लॉगिन कसं जोडलं होतं, तेही सांगितलं, कारण आता लपवून कुणाचा मान राहणार नव्हता. ते छताकडे पाहत ऐकत होते.

“म्हणजे मी बटणं तपासत नव्हतों,” ते म्हणाले. “तुम्ही मला तपासत होतां.”

“हो.”

त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी ओघळून कानात गेलं. मी पुसलं. त्यांनी पुसू दिलं.

“मामा, सोबतीच्या यादीत तुमचं नाव घालू?” मी विचारलं. त्या एका नकारानंतर हे त्यांना पुन्हा कुणी सरळ विचारलं नव्हतं.

“घाल,” ते म्हणाले. “माजी म्हणून नको लिहूं. नुसतं नांव लिही.”

मी तिथेच बसून लिहिलं. पस्तिसावं नाव. अर्चनाताईंची संमती दोन मिनिटांत आली. त्या नियमातून सोबतीची यादी मी त्याच दिवशी वगळली, आणि ती पाटीही काढली. आता तिथे मंडळाचा फोन नंबर आहे, मोठ्या अक्षरांत, कुणालाही दिसेल असा.

आठव्या दिवशी सकाळी मी त्यांच्या उशाशी बसून इडली मोडून देत होते. कामाक्षीअम्मांनी टॅब्लेट चार्ज करून आणून दिला होता. मामांनी तो मांडीवर घेतला, चष्मा लावला, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. हिरवं बटण समोर होतं. त्यांनी लाल दाबलं.

माझ्या पर्समधला फोन कर्कश वाजू लागला. बाहेर बाकावर दिनानाथकाकांचा वाजला. दोन मिनिटांत पुष्करचा फोन आला, धापा टाकत, कारखान्याच्या फाटकातून. वॉर्डातली नर्स धावत आली.

“मामा, काय होतंय?” मी विचारलं.

“काहीं नाहीं,” ते म्हणाले. “वाजतं कां पाहिलों.”

याला आता तीन महिने झाले. मामा घरी आहेत, काठी घेऊन हॉलपर्यंत चालतात. हिरवं बटण त्यांनी त्यानंतर एकदाही दाबलेलं नाही. रोज सकाळी सहाला ते लाल दाबतात. चेन्नईभर आमचे फोन वाजतात आणि एकेक जण फोन करून सांगतो, मामा, ऐकू आलं. त्यांना हिरवं दाबा म्हणून सांगायला मंडळात कुणी तयार नाही. मी साडेपाचलाच उठून बसते.